झाकलेले दुखणे

माझ्या मुलाचे दारूचे व्यसन मी सहा वर्षे झाकून ठेवले. कोणी विचारलेच, तर ‘पित्ताचा त्रास आहे’ असे सांगत असे. मधुमेह असता, तर पहिल्याच आठवड्यात दवाखाना गाठला असता!

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांनाही मानसिक आजारांत गणले आहे. म्हणून सरकारी सेवेतून त्यांवर उपचार मिळणे हा रुग्णाचा हक्क ठरतो. मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच वैद्यकीय विम्याची सोय ठेवणेही विमा कंपन्यांना बंधनकारक आहे. शासनाची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य चालते. तेथे मराठीतून बोलता येते.

मी तो क्रमांक लावला, तेव्हा आधी नुसती रडले. पलीकडची व्यक्ती शांतपणे थांबली. मग पित्ताचे नाव न घेता सारे सांगितले. ‘दारू एकाएकी तोडू नका, आधी डॉक्टरांना दाखवा,’ हा मोलाचा सल्ला तेथेच मिळाला. आता जिल्हा रुग्णालयात उपचार सुरू आहेत. वाट लांबची आहे.

शासनाचे धोरण आपल्या दारापर्यंत येते. कडी आपल्यालाच काढावी लागते. ती काढण्यास माझ्याएवढा उशीर आपण करू नये, एवढीच विनंती.