डॉडसनवरचं पाणी

टेक्सासच्या बिग बेंड नॅशनल पार्कमध्ये पाठीवर पाणी किती घ्यायचं, यावर आमच्या गटात जितके वाद झाले तितके दुसऱ्या कशावरच झाले नाहीत. पार्कचं सांगणं सरळ आहे: माणशी रोज एक गॅलन, म्हणजे सुमारे 3.8 लिटर. दोन दिवसांचं घेतलं की साडेसात किलो नुसतं पाणीच झालं. ओझं वाढलं की घाम वाढतो, आणि वाढलेला घाम ते जास्तीचं पाणी पिऊन टाकतो. ओझं हलकं केलं तर उन्हात जीव धोक्यात. टेक्सासमधली माझी सगळी वर्षं हा तिढा सोडवण्यात गेली, आणि तो मला सुटला आहे असं मी मानत आलो.

आउटर माउंटन लूप हा तिथला सुमारे 30 मैलांचा फेरा. चिसोस डोंगरांतल्या ओक-जुनिपरच्या गारव्यातून ब्लू क्रीकने खाली उतरायचं, होमर विल्सन रँचजवळच्या पेटीत आधी गाडीने येऊन ठेवलेलं पाणी उचलायचं आणि डॉडसन ट्रेलने पूर्वेला वळायचं. पेटी भक्कम आहे ती अस्वलांमुळे. 1944 मध्ये पार्क झालं तेव्हा तिथे अस्वलं उरलेली नव्हती. 1980 च्या दशकाच्या अखेरीस मेक्सिकोच्या डोंगरांतून ती आपली आपण परत आली. डॉडसनवर सावली जवळजवळ नाहीच. पायाशी लेचुगियाची सुयांसारखी पाती. फ्रेस्नो क्रीकला पाणी कधी असतं, कधी नसतं. तिथे मी तहानेच्या भरवशावर चालत असे. जीभ कधी जड होते, ओठ कधी ओढले जातात, हे मला अचूक कळायचं आणि तेवढंच मी प्यायचो. संध्याकाळी बाटलीत दोन घोट उरलेले असत. त्या दोन घोटांचा मला फार गर्व होता. बाटली सगळ्यांना दिसावी म्हणून मी ती सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवायचो.

साठीनंतर तहान मंदावली. वयाबरोबर तसं होतंच, मूत्रपिंडंही पाणी पूर्वीसारखं राखत नाहीत. गेल्या हिवाळ्यात डॉडसनवर आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या मुलीने विचारलं, “काका, सकाळपासून किती प्यायलात?” मी म्हणालो, तहानच लागली नाही. ती म्हणाली, “म्हणूनच विचारतेय.”

ती घड्याळ लावून पिते. दर वीस मिनिटांनी ठरलेले घोट. मला ती पद्धत आवडत नाही, आजही नाही. चढ, सावली, वारा, ढग यांतलं काहीच घड्याळाला कळत नाही. शिवाय मिठाविना नुसतं पाणी रिचवत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि तेही जीवघेणं असतं. पण तिच्याकडे खारे दाणे असतात, मीठ-साखरेचं पाणी असतं, आणि माझ्या जिभेपेक्षा तिचं घड्याळ आता जास्त खरं बोलतं.

खरा राग मला दुसऱ्यांचा येतो. कुणाचं तरी जुनं टिपण वाचून, फिल्टर घेऊन, झऱ्याच्या भरवशावर निघणाऱ्यांचा. आपल्याकडचे सह्याद्रीत तयार झालेले ट्रेकरही यात येतात, कारण गडावर टाकं असतं आणि पायथ्याच्या गावात कुणीतरी तांब्या पुढे करतं, ही सवय अंगात मुरलेली असते. डॉडसनवर गाव नाही. खडकातल्या कुंडांत जे पाणी साठतं ते रानडुकरासारख्या हावेलिनांचं, अस्वलांचं, पाखरांचं. पातळी खाली गेली की त्या गुळगुळीत भिंतींवरून जनावराला वर येता येत नाही. आपण उपसलेल्या प्रत्येक लिटरने ती भिंत उंच होते. पार्कवाले पाणी आपलं आपण आणायला सांगतात ते उगीच नाही. पेटीत नाव-तारीख टाकून ठेवलेले कॅन परत न नेणारेही मला तितकेच खटकतात. पूर्वी असं कमी दिसायचं, असं माझं ठाम मत आहे.

येत्या जानेवारीत पुन्हा जायचं आहे, आणि वाद डॉडसनच्या मधल्या मुक्कामाचा आहे. मुक्काम केला तर रात्रीचं आणि सकाळचं पाणी खांद्यावर वाढतं, आणि माझा उजवा खांदा आता ते घेत नाही. एका दिवसात ओलांडायचं तर माझी चाल पुरत नाही. ती घड्याळवाली मुलगी म्हणते, मुक्काम करू, तुमचे दोन लिटर मी घेते. हिशेब बरोबर आहे, मी तो दोनदा मांडून पाहिला. पण माझं पाणी दुसऱ्याच्या पाठीवर चाललेलं मला बघवत नाही, म्हणून मी अजून एका दिवसाचाच आग्रह धरून बसलो आहे.