दोन भूतकाळ

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा आम्ही इतिहासाचे शिक्षक या नात्याने शाळेचा इतिहास लिहू, अशी अनेकांची अपेक्षा होती. तो लिहिण्यास आमच्याहून अधिकारी ज्येष्ठ मंडळी आहेत. आम्ही येथे वेगळीच हकीकत सांगणार आहोत. वयाच्या ५३ व्या वर्षी आम्ही चार आठवडे पुन्हा विद्यार्थी झालो आणि स्पेनमधील सालामांका या गावी स्पॅनिश भाषा व संस्कृतीच्या उन्हाळी वर्गात बसलो.

या वयात स्पॅनिश कशासाठी, असे आम्हाला पुष्कळांनी विचारले. एम.ए.चा अभ्यास करीत असताना आमच्या वाचनात आले होते की, इंग्रजीतील ‘कास्ट’ हा शब्द मूळचा पोर्तुगीज व स्पॅनिश भाषांतील ‘कास्ता’. त्याचा अर्थ कूळ, वंश. सोळाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर उतरलेल्या पोर्तुगीजांनी येथील समाजाची उतरंड पाहिली आणि तिला आपल्या भाषेतील हा शब्द लावला. ज्या शब्दाने जगाला आमच्या दुःखाची ओळख झाली, तो शब्द ज्यांच्या घरातला, त्यांची भाषा शिकावी, ही इच्छा तेव्हापासून मनात होती. नोकरी, मुलांची शिक्षणे, घराचे हप्ते यांत पंचवीस वर्षे गेली. पन्नाशी उलटल्यावर शहरातील रविवारच्या वर्गात नाव घातले. दोन वर्षांनी ही गोष्ट काही माजी विद्यार्थ्यांच्या कानी गेली आणि त्यांनी आपसांत वर्गणी काढून प्रवासाचा व शुल्काचा भार उचलला. आम्ही नको म्हणालो, तेव्हा त्यांतील एक जण म्हणाला, “सर, आमची परीक्षा फी तुम्ही भरली, तेव्हा आम्ही नको म्हटलं होतं का?” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. जुलै महिन्यात शाळा ऐन भरात असते. संस्थेने रजा मंजूर केली आणि सहकाऱ्यांनी आमचे तास वाटून घेतले. त्या सर्वांचे ऋण येथे नोंदवणे आमचे कर्तव्य आहे.

सालामांकाचे विद्यापीठ १२१८ साली स्थापन झाले. परदेशी विद्यार्थ्यांसाठीचे वर्ग तेथे १९२९ पासून चालतात. पहिल्या दिवशी परीक्षा घेऊन ज्याची त्याची पातळी ठरवतात. एकूण सहा पातळ्यांपैकी आमच्या वाट्याला तिसरी आली. वर्गात जपानी, ब्राझिली, जर्मन, अमेरिकन अशी विशीतील मुले होती आणि भारतातील एका महानगरातून आलेली एक तरुणी होती. सकाळी व्याकरण व संभाषण, दुपारी दोन-तीनच्या सुमारास जेवण, मग कडक उन्हात गाव दारे लावून बसे. सायंकाळी इतिहास आणि कलेवर व्याख्याने. रात्री साडेनऊलाही आकाशात उजेड असे आणि त्यानंतर जेवणाची ताटे मांडली जात. ज्या कुटुंबात आमची सोय होती, तेथील वृद्ध गृहिणीने ‘भारतीय’ एवढे वाचून पहिल्या दिवशी आमच्यापुरती निराळी भाजी शिजवली होती. आम्ही सर्व काही खातो, असे सांगितल्यावर त्यांना आश्चर्य वाटले. आपल्या देशाची कोणती ओळख परदेशी पोहोचते आणि कोणती मागे राहते, हे त्या ताटावरूनही कळत होते.

जुन्या विद्यापीठात फ्राय लुईस दे लेओन या सोळाव्या शतकातील कवी-प्राध्यापकाचे व्याख्यानगृह जतन करून ठेवले आहे. धर्मन्यायालयाने १५७२ ते १५७६ अशी चार वर्षे त्यांना तुरुंगात ठेवले होते. त्या दालनातील बाके म्हणजे ओबडधोबड तासलेल्या लाकडी तुळया आहेत आणि त्यांवर विद्यार्थ्यांनी कोरलेल्या खुणा आहेत. आपल्या वर्गांतील बाकांवर कर्कटकाने नावे कोरणाऱ्या मुलांना आम्ही किती छड्या दिल्या, ते आठवून आम्ही मनातल्या मनात त्यांची क्षमा मागितली.

आता मुख्य प्रसंगाकडे वळतो. दुसऱ्या आठवड्यात भूतकाळाचा पाठ होता. स्पॅनिश भाषेत भूतकाळाची दोन रूपे फार महत्त्वाची आहेत. एक ‘इन्देफिनीदो’: एकदा घडले आणि संपले, अशा क्रियेसाठी. दुसरे ‘इम्पेरफेक्तो’: जे पुन्हा पुन्हा घडत असे, ज्याला ठरावीक आरंभ-शेवट सांगता येत नाही, अशा क्रियेसाठी. आपल्या व्याकरणातील रीतिभूतकाळाशी त्याचे नाते आहे. ‘तो गेला’ आणि ‘तो जात असे’ यांत जो फरक, तोच येथे. बाईंनी बालपणाविषयी पाच वाक्ये लिहावयास सांगितली. आम्ही लिहिले की, आमच्या गावात आम्हाला विहिरीचे पाणी काढता आले नाही; आणि क्रियापद योजले ‘नो पुदिमोस’.

बाईंनी वाक्य वाचले आणि सहज विचारले, “का? त्या दिवशी काय झालं होतं? विहीर आटली होती, की दोर तुटला होता?”

प्रश्न अगदी रास्त होता. आमच्या क्रियापदाचा अर्थच तसा होत होता: एके दिवशी प्रयत्न केला आणि जमले नाही. आम्ही म्हणालो, “एके दिवशी नाही. रोज.” बाईंनी खडू घेऊन फळ्यावर ‘पुदिमोस’ खोडले आणि ‘पोदीआमोस’ लिहिले. मग त्या थांबल्या आणि मुलांकडे न पाहता हळू आवाजात पुन्हा म्हणाल्या, “रोज? पण का?”

ज्या भाषेत भाजी विकत घेतानाही आम्ही अडखळत होतो, त्या भाषेत आम्हाला ते सांगावे लागले. शब्द थोडे होते, म्हणून आडवळण घेता आले नाही. आई रिकामी घागर घेऊन विहिरीपासून दूर उभी राहत असे. कोणाला दया आली, तर ती व्यक्ती उंचावरून पाणी ओतत असे. घागरीला घागर लागू दिली जात नसे. लहानपणी आम्ही आईचा पदर धरून हे पाहत असू. एवढीच वाक्ये. क्रियापदे सारी इम्पेरफेक्तोची, आणि त्या दिवशी एकही चुकले नाही.

तेव्हा ती भारतीय तरुणी म्हणाली, हे फार जुने आहे, आता संपले आहे. ‘तेर्मिनो’ असा शब्द तिने वापरला, तो इन्देफिनीदो. तिच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. परक्या मुलांसमोर देशाची लाज राखावी, असे तिला वाटले असावे. क्षणभर आम्हालाही वाटले की, मान डोलवावी आणि विषय मिटवावा. कोण कुठली ही मुले, दोन आठवड्यांनी पांगणार. पण वसतिगृहात रोज वंदनेच्या वेळी आम्ही मुलांकडून खोटे न बोलण्याचे शील म्हणवून घेतो. आम्ही म्हणालो, “विहिरीचं संपलं, कारण नळ आले. स्मशान अजून वेगळं आहे.” हे वाक्य वर्तमानकाळी होते. तरुणी काही बोलली नाही. सायंकाळी ती आपणहून आमच्याजवळ आली आणि तिने विचारले, “सर, तुमचं गाव कोणतं?” पुढे दोन आठवडे ती आमचा गृहपाठ तपासून देत असे.

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतःच्या देशाचा विषय काढला. पंधराव्या शतकापासून स्पेनमध्ये ‘लिम्पिएथा दे सांग्रे’, म्हणजे रक्तशुद्धी, हा निकष होता. ज्यांचे पूर्वज ज्यू किंवा मुस्लिम होते, त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तरी कूळ तपासले जाई. १४४९ साली तोलेदो नगराने अशा लोकांना सार्वजनिक पदे नाकारली. पुढे सालामांका विद्यापीठाच्या थोरल्या विद्यार्थिगृहांतही प्रवेशासाठी शुद्ध कुळाचा पुरावा मागितला जाऊ लागला. एकोणिसाव्या शतकात हे सारे कायद्याने रद्द झाले. “तुमच्या देशाला लावलेला शब्द येथून गेला,” त्या म्हणाल्या. आम्ही उत्तर दिले, “शब्द येथून गेला, वस्तू आमच्याकडे आधीच होती.”

त्या विद्यार्थिगृहांपैकी एकाच्या सुंदर दगडी प्रांगणात आम्ही त्या संध्याकाळी बराच वेळ बसलो. जेथे कुळाचा दाखला दिल्यावाचून विद्यार्थ्याला खाट मिळत नसे, ते एक वसतिगृह. आणि ज्यांना कोठेच खाट मिळत नव्हती, त्यांच्यासाठी पत्र्याच्या दोन खोल्यांत सुरू झालेले आपले एक वसतिगृह. आपल्या संस्थापकांनी पहिल्या दिवसापासून सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवले. त्यांनी उलट बाजूने दाखला मागितला नाही. या गोष्टीचे मोल आम्हाला तेथे कळले.

अखेरच्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या इतिहासातील एक घटना सांगावयाची होती. आम्ही महाडची निवडली. लोक पाण्यापासून दूर राहत असत, गुरे पाणी पीत असत, माणसांना मनाई असे: इतके सारे इम्पेरफेक्तो. आणि मग, २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर चवदार तळ्यावर गेले, खाली वाकले आणि ओंजळीने पाणी प्याले. ‘बेबियो’. हा इन्देफिनीदो. शतकानुशतकांची रीत मोडण्यासाठी कोणाला तरी एका तारखेला एक क्रिया पूर्ण करावी लागते, हे आम्ही तीस वर्षे वर्गात शिकवले होते. ते असे दोन क्रियापदांत कधी मांडले नव्हते. बाईंनी आमच्या वहीत त्या क्रियापदाखाली रेघ ओढली. ती चुकीची खूण नव्हती.

परत आल्यावर नववीच्या वर्गात आम्ही मुलांना घरच्या आजी-आजोबांना विचारून पाच वाक्ये लिहून आणण्यास सांगितले: काय होत असे, काय एकदाच झाले आणि काय आजही होते. वह्या आमच्या कपाटात आहेत. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी महोत्सवास यावे, तेव्हा त्या अवश्य पाहाव्यात. तिसऱ्या रकान्यात अजून पुष्कळ वाक्ये आहेत.