एका झग्याखाली सारं गाव

आकाशातून पाऊस पडतो, कधी गाराही पडतात. पण बाण पडताना पाहिलेत का कधी? मी पाहिलेत, इटलीतल्या एका चित्रात!

सान जिमिन्यानो हे तिथलं टेकडीवरचं छोटंसं गाव, उंच उंच दगडी मनोऱ्यांचं. १३४८ सालच्या प्लेगनं या गावाची पार दैना केली होती. १४६४ साली प्लेग पुन्हा आला. तेव्हा बेनोत्सो गोत्सोली नावाचा चित्रकार तिथल्या संत ऑगस्टीनच्या चर्चमध्ये भिंती रंगवत होता. हातातलं काम बाजूला ठेवून त्यानं गावासाठी एक वेगळं चित्र काढलं. त्याच चर्चमध्ये, वेदीच्या वर, भिंतीवरच.

चित्रात सगळ्यात वर देव रागावलाय. तो आणि त्याचे देवदूत खाली बाण फेकताहेत. हे बाण म्हणजेच प्लेग, बरं का! खाली मधोमध उभा आहे संत सेबॅस्टियन. हा मूळचा रोमन सैनिक. अंगावर बाणांचा वर्षाव होऊनही तो जगला, अशी कथा आहे. म्हणून प्लेग आला की लोक त्याचा धावा करत. एरवीच्या चित्रांत त्याच्या अंगात बाण रुतलेले दिसतात. इथे मात्र अंगभर कपडे आहेत आणि रुतलेला बाण एकही नाही. देवदूतांनी त्याचा लांबरुंद झगा दोन्ही बाजूंना पसरून धरलाय. त्यावर आपटून बाण काडकन मोडताहेत! आणि झग्याखाली गावातली माणसं हात जोडून बसली आहेत, एकीकडे पुरुष, दुसरीकडे बायका.

मी हे चित्र चौथीच्या वर्गात दाखवलं. एक मुलगा पटकन म्हणाला, "बाई, मारणारा देव आणि वाचवणारा पण देवाचाच माणूस? असं कसं?"

प्रश्न अगदी रास्त होता. पण तेव्हा रोगाचं कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. आपलं काहीतरी चुकलं, त्याचीच ही शिक्षा, असं लोकांना वाटे. प्लेगचे जंतू सापडले १८९४ साली, हाँगकाँगमध्ये. उंदरांवरच्या पिसवा हा रोग पसरवतात, हे प्रयोगानं दिसलं १८९८ साली, कराचीत. म्हणजे या चित्रानंतर चारशेहून जास्त वर्षांनी!

मला मात्र तो झगा आवडतो. कारण त्याखाली एकटादुकटा नाही, सारं गाव आहे.

२०२० साली करोना आला, तेव्हा माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई परिचारिका होती. ती रोज करोनाच्या वॉर्डात जायची. झालं! गल्लीतल्या लोकांनी त्या घराशी बोलणंच टाकलं. मुलगी फोनवर मला विचारायची, "बाई, मी तर बरी आहे ना? मग कुणी हाक का मारत नाही?" काय सांगणार होते मी तिला?

आठवडाभरानं तिचाच फोन आला, हसत हसत. समोरच्या घरातली एक मैत्रीण आता रोज संध्याकाळी गच्चीवर येत होती. दोघी आपापल्या गच्चीवरून, ओरडून ओरडून गाव-नाव-फळ-फूल खेळत होत्या! अंतर पाळलेलं, तोंडावर मास्क, सगळं अगदी नियमानं. रोगाला वाट मिळाली नाही आणि मैत्रीणही एकटी पडली नाही.

दोस्तांनो, असा झगा तर आपल्यालाही धरता येतो. हो ना?