माहुलीपासून नाणेघाटापर्यंत

मार्च महिन्यातल्या एका शुक्रवारी मी राजीनाम्याचे पत्र लिहिले आणि खिशात घालून घरी आलो. पत्र चार पानी होते. अकरा वर्षे जाहिरातीच्या कचेरीत मजकूर लिहिणाऱ्या माणसाला थोडक्यात लिहिता येऊ नये, याचे आमच्या सौभाग्यवतींना फार हसू आले. "अहो, सोमवारी द्यायचे ते खुशाल द्या," ती म्हणाली, "पण दोन दिवस हे तोंड घेऊन घरात बसू नका."

कारण म्हटले तर लहानच. एका गृहसंकुलासाठी मी ओळ लिहिली होती : 'उन्हाळा बाहेर, झरा घरात!' चोवीस तास पाणी हा त्या इमारतींचा मोठेपणा. गिऱ्हाईक खूश झाले, तेव्हा आमचे साहेब म्हणाले, "गाडीत बसल्या बसल्या सुचली!" मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. पुढे जाहिरातीला बक्षीस मिळाले. ते घ्यायला साहेब गेले. त्यांचे आभाराचे भाषण मात्र मी लिहायचे होते. मी लिहिले. राग त्याचाच जास्त होता.

शनिवारी सकाळी आसनगाव लोकल पकडली. स्टेशनाबाहेर आले की माहुलीचे सुळके आकाशात रुतलेले दिसतात. १६३६ साली शहाजीराजांनी शेवटचा टिकाव धरला तो याच गडावर. गड चढायची उमेद नव्हती, म्हणून शहापुरात चहा घेऊन भातसा धरण पाहायला टमटममध्ये बसलो.

धरणाच्या अलीकडेच एका पाड्यापाशी टमटम थांबली. रस्त्याच्या कडेला हंडे, कळशा आणि निळी पिंपे यांची लांबच लांब रांग होती, आणि तिच्या सावलीला बायका बसल्या होत्या. टँकर यायचा होता. कधी, ते कोणालाच ठाऊक नव्हते.

याच तालुक्यातल्या तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. पलीकडे वैतरणेवर १९५७ साली मोडकसागर बांधून झाला. (त्याला निदान मोडक या अभियंत्याचे नाव तरी मिळाले!) पुढे भातसा आले, आणि आज मुंबईच्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातशाचे असते. आपण सकाळी दात घासताना नळ उघडा ठेवतो, तो शहापूरच्या जिवावर.

"मावशी, धरण तर जवळच आहे ना?" मी एकीला विचारले.

"हाय ना. पानी आमचाच हाय," ती म्हणाली, "पन आमच्याकडं थांबत न्हाय." तिच्या बोलण्यात तक्रार अशी नव्हती. मग तिने विचारले, "दादा, तुमी काय काम करता?"

मी काहीतरी पुटपुटलो. आयुष्यात प्रथमच ती ओळ माझी आहे असे सांगायची संधी आली होती, आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. धरण न पाहताच मी परतलो.

दुपारच्या एसटीने किन्हवली, सरळगाव करीत मुरबाड गाठले. रात्री लॉजवर पंख्याखाली तेच चार पानी पत्र पुन्हा वाचले. त्यात 'मी' फार वेळा आला होता.

रविवारी पहाटे माळशेजकडे जाणारी गाडी धरून वैशाखरे ओलांडल्यावर नाणेघाटाच्या पायथ्याशी उतरलो. मुंबईकर इकडे येतात ते पावसात भिजायला. मार्चमध्ये घाटात वानरे आणि आपण. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण बंदराचा माल याच वाटेने जुन्नरला चढत असे. वर, घाटमाथ्यालगत, सातवाहनांचे लेणे आहे. आत ब्राह्मी लिपीतला नागनिका राणीचा मोठा लेख : कोणते यज्ञ केले, किती गाई, किती हत्ती, किती कार्षापणे दान दिली. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे आठ पुतळे होते. आज पुतळे गेले आहेत. कुठे कुठे पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या आहेत. वर कोरलेली नावे मात्र वाचता येतात : सिमुक, सातकर्णी, नागनिका...

ही नावे ज्याने कोरली त्याचे नाव भिंतीवर कुठेच नाही. मी बराच वेळ शोधले, म्हणजे ब्राह्मी येत नसताना नुसताच बोट फिरवीत राहिलो. एक अक्षर फार सुरेख वळवलेले होते. त्याच्याही डोक्यावर कोणी साहेब असलाच पाहिजे, आणि हे अक्षर आपल्यालाच सुचले असे त्याने दरबारात सांगितले असणार!

संध्याकाळी मुरबाडहून कल्याणला येताना रस्त्यावर तो फलक दिसला. 'उन्हाळा बाहेर, झरा घरात!' शेजारच्या गृहस्थांनी मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "काय झकास लिहितात हो!" मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

सोमवारी साहेबांपुढे नवे पत्र ठेवले. दोन ओळींचे. त्यांनी ते वाचले, चष्मा काढला, घंटी वाजवली आणि शिपायाला म्हणाले, "ह्यांना जरा पाणी आण."

आणले. पेल्यात एक थेंबही न ठेवता मी ते प्यालो.