लोखंडी फूल
(बी. ए. द्वितीय वर्ष)

दिवाळीचा चिवडा संपलेला असतो आणि संक्रांतीचे तीळ अजून वाण्याच्याच दुकानात असतात. मधले हे डिसेंबरचे दिवस बहुतेक घरांतल्या कढईला विश्रांतीचे. आमच्या घरात मात्र याच दिवसांत कढई चुलीवरून उतरत नाही. आमच्याकडे नाताळ साजरा होत नाही, पण नाताळची फुलं आमच्याच घरी तळली जातात. सदर आणि मोहननगर भागातल्या ख्रिस्ती घरांतून नोव्हेंबर अखेरीसच निरोप येतात, 'दोन किलो ठेवा', 'आमचे तीन किलो', आणि आई ते निरोप भिंतीवर कोळशाच्या रेघांनी मांडून ठेवते.

या फुलांना रोझ कुकी म्हणतात. आमच्या वस्तीतल्या बायका म्हणतात 'गुलाबाची बिस्किटं'. नावं काय, मुलुखागणिक बदलतात. तेलुगू घरांत ती गुलाबी पुव्वुलु, मल्याळी घरांत अच्चप्पम, तमिळ घरांत अच्चु मुरुक्कु. यातल्या 'अच्चु' या शब्दाचा अर्थ साचा. म्हणजे त्यांनी पदार्थाला नाव दिलं ते चवीवरून नाही, साच्यावरून दिलं. मला हे फार योग्य वाटतं. कारण मैदा, साखर, अंडी कुठेही मिळतात. साचा असेल त्याच घरात फूल उमलतं.

आमचा साचा लोखंडी आहे. लांब दांडी, वर लाकडी मूठ आणि खाली पाकळ्यापाकळ्यांचं, मधून पोकळ असलेलं एक जड फूल. ते आमच्या घरी कसं आलं, ती हकिगत नागपूरच्या रेल्वेच्या हकिगतीत गुंतलेली आहे.

मुंबईकडून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1867 साली नागपूरला पोहोचली. पुढे 1887 साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि आपलं गाव दोन मोठ्या रेल्वेंच्या भेटीचं ठिकाण झालं. रेल्वेबरोबर ड्रायव्हर आले, गार्ड आले, फोरमन आले. त्या नोकऱ्यांत अँग्लो-इंडियन माणसं पुष्कळ असत. अजनीच्या रेल्वे क्वार्टरांत राहणाऱ्या अशाच एका गार्डसाहेबाच्या घरी माझी आजी वयाच्या बाराव्या वर्षी भांडी घासायला लागली. भांड्यांवरून ती भाजी चिरण्यावर आली आणि भाजीवरून चुलीपाशी. डिसेंबरात त्या घरची मडम केक करी, कलकल करी आणि ही फुलं तळी. आजी शेजारी उभी राहून वाडगं धरी.

स्वातंत्र्यानंतर ही कुटुंबं हळूहळू देश सोडू लागली. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी कॅनडाला, कुणी ऑस्ट्रेलियाला. आजीच्या गार्डसाहेबांचं कुटुंब 1969 साली ऑस्ट्रेलियाला गेलं. जाताना मडमेनं पलंग विकला, कपाट विकलं, पियानोसुद्धा विकला. साच्याला गिऱ्हाईक मिळालं नाही, म्हणून तो आजीला दिला. आजी हे सांगताना कधी म्हणते, 'मायेनं देल्ला', कधी म्हणते, 'कोनी घेतला नाही म्हून देल्ला'. दोन्ही खरं असावं.

पदार्थ दिसायला नाजूक, पण करायला मोठा हट्टी. आजीचं माप असं: दोन वाट्या मैदा, एक वाटी तांदळाचं पीठ, एक वाटी पिठीसाखर, दोन अंडी, चिमूटभर मीठ आणि सैल होईल एवढं नारळाचं दूध. वर थोडे तीळ. तांदळाच्या पिठानं कुरकुरीतपणा येतो, अंड्यानं पाकळी धरून राहते. साखर हात सोडून घातली, तर फूल आतून शिजण्याआधी बाहेरून काळवंडतं आणि साच्याला चिकटून बसतं. पीठ भज्यांच्या पिठापेक्षा पातळ हवं, साच्यावरून ओघळलं तरी मागे पातळ थर राहील इतपत. ते अर्धा तास झाकून ठेवायचं.

मग खरी परीक्षा. साचा आधी तेलातच तापू द्यायचा. थंड साच्याला पीठ धरत नाही. फार तापला तर पीठ वाडग्यातच चर्रकन शिजून गळून पडतं. बेताचा तापलेला साचा पिठात बुडवायचा, पण पाऊणच. पीठ साच्याच्या वरच्या कडेवर चढलं की संपलं! लोखंडाला सगळीकडून मिठी मारून बसलेलं ते पीठ मग काही केल्या सुटत नाही. पाऊण बुडालेला साचा तेलात धरला की क्षणभर छन्न आवाज होतो, बुडबुडे उठतात, आणि मनगटाला अगदी हलका झटका दिला की फूल साचा सोडून तेलावर तरंगू लागतं. शंभर वेळा पाहूनही तो क्षण मला शिळा वाटत नाही. लोखंडातून फूल निसटतं आणि लोखंड पुन्हा रिकामं होतं!

मागच्या वर्षी मोबाईलवर इटलीतल्या एका म्हाताऱ्या बाईचा व्हिडिओ माझ्या पाहण्यात आला. ती पिझेल नावाची पातळ, जाळीदार नक्षीची बिस्किटं करत होती. हा पदार्थ तिकडच्या अब्रुझ्झो प्रांतातला. रोमच्या पूर्वेला, एड्रियाटिक समुद्राकडचा. तिथेही तेच मैदा, अंडी, साखर. जोडीला लोणी किंवा तेल आणि बडीशेपेसारखा वास असलेलं अ‍ॅनिस. फरक एवढाच, की ते तळत नाहीत. मोठ्या सांडशीसारख्या लोखंडी साच्याच्या दोन तापलेल्या पत्र्यांमध्ये चमचाभर पीठ दाबून भाजतात. आता तिकडे विजेचे साचे आले आहेत; पण जुने साचे लोहाराकडून घडवून घेत, त्यांवर घराण्याची आद्याक्षरं कोरत आणि ते लग्नात मुलीला देत. एका बाजूला एक प्रार्थना म्हणून होईतो आणि दुसऱ्या बाजूला दुसरी म्हणून होईतो भाजायचं, असं घड्याळ नसलेल्या बायकांचं माप होतं म्हणतात. आमच्या आजीचंही तसंच आहे. ती वीस आकडे मोजते, पण तेराच्या पुढे तिचे आकडे तिचे स्वतःचे असतात.

अब्रुझ्झो गरीब डोंगरी मुलूख. तिथून हजारो माणसं पोटासाठी अमेरिकेला गेली, आणि बायकांनी पेट्यांतून हे जड साचे बरोबर नेले. ते कळल्यावर मी आमच्या साच्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिले. तिकडे देश सोडताना बायकांनी साचा सोबत घेतला. इथे देश सोडताना एका बाईनं तो मोलकरणीच्या हातात ठेवला. त्यांच्या साच्यावर घराण्याची अक्षरं होती. आमच्या साच्यावर काहीच कोरलेलं नाही. घरात अक्षरं येताच आमच्याकडे तिसरी पिढी उजाडली.

ती अक्षरं माझी. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा ऑटो चालवतात. माझ्या दोन्ही वर्षांची पुस्तकं डिसेंबरच्या कढईतून निघाली आहेत. भिंतीवरच्या रेघांची वही मी केली, कोणाचे किती किलो, किती आगाऊ, किती बाकी, हे सारं आता माझ्या अक्षरात आहे. आजीचं मापही मी वहीत उतरवून घेतलं. पण वाचकहो, आजवर मी स्वतः एकही फूल तळलेलं नाही! आई साच्याला हातच लावू देत नाही.

मी जवळ गेले की ती म्हणते, "तू वही सांभाळ."

एकदा मी फारच हट्ट धरला, तेव्हा तिनं साचा बाजूला ठेवला आणि तळहात माझ्यापुढे धरले. मनगटापासून कोपरापर्यंत तेलाच्या थेंबांचे जुने डाग. "हे पाह्य," ती म्हणाली. "माह्या सासूनं लोकाच्या घरी हे काम शिकलं, मी सासूपासून शिकली. तुले कॉलेजात कायले धाडलं मंग?"

या प्रश्नाला उत्तर देणं सोपं नाही. वर्गात आपण श्रमप्रतिष्ठेवर बोलतो, निबंध लिहितो, टाळ्याही मिळवतो. 'हातातली कला जपली पाहिजे' असं म्हणणारी माणसं बहुधा खुर्चीवर बसून म्हणतात. आईचे हात पाहिल्यावर ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. आजीनं हे शिकलं ते आवड म्हणून नव्हे, आईनंही नव्हे. त्यांच्यापुढे दुसरा रस्ताच नव्हता. मी ज्याला कला म्हणते, ती त्यांच्या लेखी भाकरी आहे. आणि भाकरी मिळवायला मुलीनं कढईपुढेच उभं राहावं, हे आईला नको आहे. तिचं काय चुकलं?

तरीही मला वाटतं, इतक्या वर्षांत आमच्या घरात साठलेली विद्या ही एवढीच आहे. कॉलेजनं मला पुस्तकं वाचायला शिकवलं, त्यात आमच्या घराबद्दल एक ओळ नाही. हा साचा आमचा ग्रंथ आहे, आणि तो वाचणाऱ्या दोघीच उरल्या आहेत. त्यातल्या एकीचा हात आता थरथरतो.

या डिसेंबरात आईनं घरात सांगून टाकलं, "आता दोन-तीन वर्षं करते. मंग साचा शेजारच्या सूनबाईले देऊन टाकतो. तिले गरज आहे." त्या वहिनीला खरोखरच गरज आहे, तिचे दिवस कठीण चालले आहेत. मी काही बोलले नाही. रात्री भांडी आवरताना मात्र म्हटलं, "वहिनीला शिकव, नक्की शिकव. पण साचा मला ठेव. मी तिला नवा आणून देईन."

आई साचा पुसत होती. त्याला साबण लावायचा नसतो; फडक्यानं पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवायचा असतो, नाहीतर पुढच्या वर्षी फूल सुटत नाही. तिनं तो जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळला, डब्यात ठेवला, डबा फळीवर सरकवला, आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाली,

"बी. ए. पास होय पयले. नोकरी लागू दे. मंग मांगजो. तवा मांगशील, तं देईन."