सायकलवरून कोकण: ओझं कमी, मजा जास्त

सायकलवरून चार-पाच दिवस भटकायचं तुमच्या मनात असेल, तर अलिबाग ते रत्नागिरी हा किनाऱ्याचा रस्ता नक्की निवडा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वाटेत चार फेरीबोटी: आगरदांडा-दिघी, बागमांडले-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड. पण निघण्याआधी सामानाचा विचार करा. इथे मी सपशेल चुकले होते, म्हणून सांगते.

पहिल्या खेपेला मी कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना मोठ्या पॅनिअर लटकवल्या आणि वर पाठीवर सॅक. एकूण 14 किलो! अलिबाग ते मुरूड हे साधारण 50 किलोमीटर मजेत गेले. पण पुढे चढ सुरू झाले आणि गुडघा बोलायला लागला. श्रीवर्धनला पोहोचले तेव्हा खोलीचा जिना चढवेना. आता इथूनच एसटीने परत जावं लागणार, असं वाटून रडूच आलं.

रात्री सगळं सामान पलंगावर मांडलं. दोन दिवसांत ज्याला हातही लावला नव्हता, ते बाजूला काढलं. जीन्स, जादा बूट, जाड टॉवेल, जाडजूड कादंबरी, स्टीलचा डबा... ढीग वाढतच गेला. दुसऱ्या दिवशी विश्रांती घेतली आणि ते सगळं, सॅकसकट, पोस्टाने घरी पाठवलं. आईचा फोन आला, ‘‘अगं, पार्सल कशाला? तू कुठे आहेस?’’ म्हटलं, ‘‘मी पुढे चाललेय, सामान मागे येतंय!’’ गुडघा शांत झाला आणि मी हळूहळू का होईना, रत्नागिरी गाठली.

आधी सामान, मग बॅग

आपण आधी मोठी बॅग घेतो आणि मग ती भरत बसतो. तुम्ही उलट करा. सामान जमिनीवर मांडा, वजन करा आणि ते मावेल एवढीच बॅग घ्या. या रस्त्यावर जागोजागी घरगुती राहण्याची सोय आणि खानावळी आहेत, त्यामुळे तंबू आणि स्टोव्ह लागत नाही. सायकलवर घालायचे दोन जोड, संध्याकाळचा एक हलका जोड, चपला, पंचा, औषधं, चार्जर आणि दुरुस्तीचं सामान पुरे. कपडे रात्री धुवा आणि आलटून पालटून घाला. आता माझं सामान बॅगांसकट 6 किलोत बसतं.

कोणती बॅग कुठे?

सीटबॅग: 10 ते 14 लिटरची पुरते. यात कपडे ठेवा. जड वस्तू ठेवलीत तर बॅग डुलते आणि उभं राहून पेडल मारताना तोल जातो. भरलेली बॅग आणि मागचं चाक यांत चार बोटं तरी अंतर हवं.

फ्रेमबॅग: सायकलच्या मधल्या त्रिकोणात बसते. पंप, जादा ट्यूब, पाने, पॉवर बँक अशा जड वस्तूंची हीच जागा. पेडल मारताना गुडघे घासत नाहीत ना आणि पाण्याची बाटली सहज निघते ना, ते बघा.

हँडलबॅग: हलकं आणि सतत लागणारं सामान इथे ठेवा. बॅगेने ब्रेकच्या केबल दाबल्या जाऊ नयेत.

तुमची उंची कमी आणि फ्रेम लहान असेल, तर मोठी सीटबॅग चाकाला घासते. अशा वेळी कॅरिअर आणि दोन लहान पॅनिअर बऱ्या. फक्त फ्रेमला कॅरिअरच्या स्क्रूसाठी भोकं आहेत का, ते आधी तपासा. दोन्ही बाजूंचं वजन सारखं ठेवा. पाठीवरची सॅक मात्र टाळाच. घामाने पाठ भिजते आणि सगळा भार खांद्यावर आणि बुडावर येतो.

एवढं लक्षात ठेवा

* बॅग वॉटरप्रूफ असली, तरी कपडे आणि मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा.

* लोंबणारे पट्टे बांधून टाका. चाकात अडकले तर अपघात होऊ शकतो.

* निघण्याआधी पूर्ण सामान लादून 20 किलोमीटरची फेरी मारा. त्यात एखादा चढ आणि खडबडीत रस्ता असू द्या.

* परतताना ट्रेनच्या लगेज डब्यात सायकल देणार असाल, तर सगळ्या बॅगा काढून स्वतःजवळ ठेवा.

बॅग भरताना ‘असू दे, लागलं तर?’ असं मनात येईलच. तेव्हा ती वस्तू वाटेतल्या गावात विकत मिळेल का, ते स्वतःला विचारा. साबण मिळेल, टॉवेल मिळेल. तुमच्या मापाची ट्यूब कदाचित मिळणार नाही, म्हणून ती न्या. आणि बॅगेत थोडी जागा रिकामी ठेवा. येताना घरच्यांसाठी कोकम आणि आंबापोळी आणायची आहे ना!