मिरकरवाड्याच्या बंदरावर चार दिवस

रत्नागिरीस जाणाऱ्या प्रवाशाची फेरी बहुधा ठरलेली असते. लोकमान्यांचें जन्मस्थान पाहावें, पतितपावन मंदिरांत जाऊन यावें, ब्रह्मदेशाच्या पदच्युत थिबा राजासाठीं १९१० च्या सुमारास बांधलेल्या वाड्याच्या सज्ज्यांत उभें राहून भाट्याची खाडी न्याहाळावी, सायंकाळीं मांडवीच्या धक्क्यावर वारा खावा, आणि दिवस आंब्याचे असल्यास हापुसची पेटी घेऊन परतावें. ही फेरी उत्तमच आहे. तिला नांव ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु या नगरांतील असंख्य कुटुंबांची चूल ज्याच्या भरंवशावर पेटते, तें ठिकाण या फेरींत येत नाहीं. तें ठिकाण म्हणजे रत्नदुर्गाच्या पायथ्याशीं वसलेलें मिरकरवाड्याचें मच्छीमार बंदर होय. गेल्या आश्विनांत आम्हांस तेथें चार दिवस ओळीनें जाण्याचा योग आला, आणि त्या चार दिवसांत जें पाहिलें तें वाचकांस सांगण्याजोगें वाटलें.

आमच्या आजोबांच्या पिढीस मुंबईहून रत्नागिरी म्हणजे आगबोटीचा प्रवास होता. बोट खोल पाण्यांत उभी राहावयाची, आणि उतारूंनीं पोरेंबाळें व वळकट्या सांभाळीत पडावांत उतरून किनारा गांठावयाचा. ती वाहतूक आतां बंद आहे. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्ण झाली, आणि आज करबुड्याच्या साडेसहा किलोमीटर लांबीच्या बोगद्यांतून गाडी बाहेर पडली कीं थोड्याच वेळांत रत्नागिरी येते. समुद्राशीं गांठ न पडतांच मनुष्य समुद्रकांठीं पोंचतो. समुद्राशीं रोजची गांठ उरली आहे ती कोळी, खारवी, गाबीत, भंडारी, दालदी अशा दर्यावर्दी मंडळींची.

रत्नदुर्ग घोड्याच्या नालासारखा समुद्रांत शिरला आहे. भगवतीचें दर्शन घेऊन तटावरून खालीं पाहिलें म्हणजे एका अंगास निळें पाणी आणि दुसऱ्या अंगास नौकांची इतकी दाटी दिसते कीं एकीवरून दुसरीवर पाय ठेवीत बंदर ओलांडतां यावें. जून व जुलै हे दोन महिने यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. त्या काळांत जाळीं विणलीं जातात, फळ्यांच्या फटी बुजविल्या जातात, रंग लागतो. पुढें नारळी पौर्णिमेस दर्यास नारळ वाहिला कीं वर्षाची कमाई सुरू. ही कमाई पुष्कळशी पहिल्या तीन-चार महिन्यांवर अवलंबून असते. म्हणून आश्विनांत बंदरांत स्वस्थ उभी असलेली नौका पाहिली कीं समजावें, तिच्या पोटांत कांहींतरी बिघडलें आहे.

आमचे एक मावसबंधु रत्नागिरींत यंत्रविद्या शिकवितात. त्यांच्या ओळखीच्या एका नाखव्याची नौका अशीच उभी होती. खोल समुद्रांत जाळें ओढीत असतां तिचें सहा सिलिंडरचें डिझेल इंजिन एकाएकीं कण्हल्यासारखा आवाज करून थांबलें, आणि मग कांहीं केल्या फिरेना. शेजारच्या नौकेच्या तांडेलानें स्वतःचें जाळें गुंडाळून, स्वतःच्या दिवसाची मासळी सोडून, दोर टाकला आणि तिला ओढीत बंदरांत आणलें. नाखव्यावर सोसायटीचें कर्ज होतें. बायकोच्या पाटल्या हंगामापूर्वींच गहाण पडल्या होत्या. नौकेवर आठ खलाशी, कांहीं दापोली-गुहागरकडचे, दोघे थेट नेपाळचे. नौका उभी राहिली कीं खलाशी दुसरीकडे जातो, आणि गेलेला खलाशी त्या हंगामांत सहसा परत येत नाहीं. एका कारागिराने इंजिन वरवर पाहून निकाल दिला होता कीं क्रँक गेला, आतां नवें इंजिन घ्या. नवें इंजिन म्हणजे लाखांची गोष्ट. नाखवा म्हणाला, "नवें घ्यायचें तर नौकाच विकावी लागेल, मग इंजिन बसवूं कशांत?"

दुसऱ्या एका वृद्ध मिस्त्रींस बोलावणें गेलें. ते आले, परंतु हत्यारांची पेटी त्यांनीं उघडलीच नाहीं. त्यांनीं आधीं तांडेलास जवळ बसवून प्रश्न विचारले. इंजिन चालतां चालतां थांबलें कीं थांबलेलें पुन्हां सुरू झालें नाहीं? थांबण्यापूर्वीं जोर कमी झाला होता काय? धूर कोणत्या रंगाचा? रोगी पाहण्याआधीं जुने वैद्य घरच्या माणसांस विचारीत, तशांतलाच हा प्रकार. त्यांच्या मतें इंजिन दोन प्रकारें जाम होतें. एक उभ्या उभ्या, म्हणजे बंदीच्या दिवसांत खारी हवा व ओल आंत शिरून गंज धरतो तें. अशा वेळीं सिलिंडरांत डिझेल व तेल सोडून दोन-तीन दिवस धीर धरला तर पुष्कळदां तें सुटतें. दुसरें धावतां धावतां. तें अधिक वाईट, कारण तेथें धातूनें धातूस खाल्लेलें असतें.

मग परीक्षा सुरू झाली, ती बाहेरून आंत. प्रथम इंजिन व पंख्याचा दांडा यांची जोड सोडविली. कारण पंख्यास दोर किंवा जाळें गुंडाळलें गेलें तरी इंजिन जाम झाल्यासारखें वाटतें. जोड सुटूनही इंजिन फिरेना, तेव्हां दोष आंतच, हें ठरलें. नंतर सहाही इंजेक्टर काढले. सिलिंडरांत पाणी भरलेलें असल्यास तें दाबलें जात नाहीं, आणि जोरानें फिरवूं गेलें तर दांडा वांकतो. पाणी निघालें नाहीं. तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल ताकासारखें पांढुरकें असतें तर पाणी मिसळलें असें म्हणतां आलें असतें. तें काळें होतें, आणि त्यास करपल्याचा वास होता. शेवटीं लांब पहार लावून चाकास बेताचा जोर दिला. चाक अर्धा बोट हललें आणि अडलें. मिस्त्रींनीं लगेच हात काढून घेतला. जोर करणारीं माणसें तेथें दहा होतीं. त्यांनीं कोणासही पहारेस हात लावूं दिला नाहीं.

आंत काय झालें असावें, हें आमच्या गृहिणींस सांगण्याची फारशी गरज पडूं नये. धुतलेले पेले एकांत एक ठेविले आणि आंतला अडकून बसला, म्हणजे त्या आंतल्या पेल्यांत गार पाणी ओतून बाहेरचा ऊन पाण्यांत धरतात. आंतला आकसतो, बाहेरचा फुगतो, आणि दोन्ही सुटतात. इंजिनांत याच्या नेमकें उलट घडतें. पिस्टन म्हणजे आंतला पेला, तो ॲल्युमिनियमचा. सिलिंडरचा लायनर म्हणजे बाहेरचा, तो बिडाचा. सारख्याच उष्णतेनें ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतें. दोहोंमधील मोकळीक असते ती मिलिमीटरच्या अंशाची, आणि तींत तेलाचा पातळ पडदा. उष्णता मर्यादेबाहेर गेली कीं पिस्टन फुगून ती मोकळीक खाऊन टाकतो, तेलाचा पडदा फाटतो, आणि दाणे न घालतां फिरविलेल्या जात्याप्रमाणें एक पृष्ठ दुसऱ्यास घासूं लागतें.

हेड उघडलें तेव्हां अंदाज खरा ठरला. पहिले चार सिलिंडर स्वच्छ. पांचव्या व सहाव्याच्या भिंतींवर उभे ओरखडे, आणि त्यांत पिस्टनचें ॲल्युमिनियम चिकटलेलें. खालचें तेलाचें पात्र काढून बेअरिंगें पाहिलीं, क्रँकचे गळे मायक्रोमीटरनें मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजले. क्रँक शाबूत होता. नवें इंजिन घेण्याचें कारण उरलें नाहीं. नाखव्याचा चेहरा त्या क्षणीं आम्हीं पाहिला. त्याचें वर्णन करण्याच्या भरीस आम्ही पडत नाहीं.

परंतु मिस्त्री समाधान पावले नाहींत. इंजिन तापलें, हें कळलें. कां तापलें, हें कळलें नव्हतें. या इंजिनांत गोडें पाणी लायनरांभोंवतीं फिरून उष्णता घेतें, आणि कूलर नांवाच्या नळ्यांच्या जुडग्यांत ती खाऱ्या पाण्यास देतें. खारें पाणी खेंचणाऱ्या पंपांत रबरी पात्यांचें एक चक्र असतें. पंप उघडला, तों चक्र नवें कोरें, हंगामापूर्वींच बदललेलें. म्हणून पंपाकडे कोणाचा संशय गेला नव्हता. मिस्त्रींनीं विचारलें, "नाखवा, जुनें चक्र काढलें तेव्हां त्याचीं पातीं पुरीं होतीं काय?" नाखवा आठवूं लागला. तीन पातीं तुटलेलीं होतीं, आणि म्हणूनच तें बदललें होतें. "मग तीं तीन पातीं गेलीं कोठें?"

कूलरचें झांकण काढलें. तिन्ही पातीं नळ्यांच्या तोंडाशीं जाऊन बसलीं होतीं, आणि त्यांच्या आधारानें शेवाळ व प्लास्टिकच्या चिंध्या सांचून निम्म्याहून अधिक नळ्या बुजल्या होत्या. उष्णता दाखविणारा कांटा पुष्कळ दिवस बंद पडलेला. त्याची दुरुस्ती पुढच्या खेपेवर ढकललेली. नौका हलकी चालली तोंपर्यंत उरलेल्या नळ्यांनीं निभावलें. भरलें जाळें ओढण्याचा भार पडतांच पाणी ज्यांच्याकडे सर्वांत शेवटीं पोंचे, त्या दोन सिलिंडरांनीं प्राण सोडला. कारण तसेंच ठेवून नवें इंजिन बसविलें असतें, तर त्याचीही तीच गत होती.

हा रोग केवळ उष्ण प्रदेशाचा नव्हे. कॅनडांत क्वेबेक प्रांतीं जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यानें बर्फावरून पट्ट्यांनीं धावणारीं वाहनें तयार केलीं, आणि १९५९ सालीं त्याची ‘स्की-डू’ ही छोटी बर्फगाडी निघाली. तसल्या गाड्यांचीं दोन टप्प्यांचीं पेट्रोल इंजिनेंही अशींच धरतात. त्यांत तेल पेट्रोलमधूनच जातें; तें कमी पडलें, किंवा फटींतून जास्त हवा शिरून मिश्रण विरळ झालें, कीं पिस्टन तापून अडकतो. याहून विलक्षण गोष्ट अशी कीं, गोठलेलें इंजिन सुरू करतांच भरधाव सोडलें तर पिस्टन आधीं फुगतो, थंड सिलिंडर मागें राहतो, आणि बाहेर सर्वत्र बर्फ पसरलेलें असतांही इंजिन जाम होतें. मिरकरवाड्याचा घाम आणि क्वेबेकचें हिम यांत एवढें अंतर. पण आंतल्या पेल्याचा व बाहेरच्या पेल्याचा न्याय एकच.

पुढचे दोन दिवस बांधणीचे. हेड किंचित् वांकलें होतें; तें मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतींत सपाट करण्यास धाडलें. दोन लायनर खेंचून काढले, नवे बसविले, त्यांच्या तळाचीं रबरी कडीं साबणाच्या पाण्यांत भिजवून सरकविलीं. नवे पिस्टन, नव्या रिंगा. रिंगांचीं तोंडें एका ओळीत येऊं नयेत म्हणून तीं निरनिराळ्या दिशांस फिरवून ठेविलीं, नाहींतर वायु त्या वाटेनें खालीं उतरतो. बेअरिंगांचे पत्रे सर्व नवे. कूलरची एकेक नळी बारीक गजानें साफ केली. हेडचे बोल्ट मधून बाहेर अशा क्रमानें, थोडे थोडे, तीन फेऱ्यांत आवळले. जोर मोजणारा पाना वापरला, अंदाज वापरला नाहीं. नेपाळचा एक खलाशी प्रत्येक सुटा भाग डिझेलनें धुऊन, पुसून, ज्या क्रमानें निघाला त्या क्रमानें कापडावर मांडीत होता. तें काम त्यास कोणीं सांगितलें नव्हतें. आठांपैकीं एकही खलाशी बंदर सोडून गेला नाहीं, हेंही येथें नमूद केलें पाहिजे.

आमचे मावसबंधु या सर्व वेळीं मिस्त्रींच्या मागें उभे होते, आणि चौथ्या दिवशीं त्यांनीं आपल्या वर्गांतील बारा विद्यार्थ्यांस तेथें आणलें. आमच्या घरांतून मुलें यंत्रविद्या शिकतात, परीक्षेंत गुण मिळवितात, आणि पुढें मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांत बसतात. त्यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु तुटलेलीं पातीं कोठें गेलीं, हा प्रश्न विचारण्याची बुद्धि पुस्तकांतून येते कीं हातांतून, याचा विचार घरांतील वडील मंडळींनीं अवश्य करावा. आमचें मत असें झालें कीं ती दोहोंच्या संगमावर येते, आणि एकास हीन लेखलें तर दुसरेंही वांझ राहतें.

चौथ्या दिवशीं दुपारीं नळ्यांतील हवा काढून टाकून इंजिनास कळ दिली. पहिल्या वेळीं तें नुसतें फिरलें. दुसऱ्या वेळीं पेटलें. मिस्त्रींनीं लांकडाचा दांडा एका टोंकानें इंजिनास व दुसऱ्यानें कानास लावून सहाही सिलिंडरांचा आवाज ऐकला, बाहेर पडणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या धारेखालीं हात धरून तिची ऊब पाहिली, आणि नव्या बसविलेल्या कांट्याकडे बोट दाखवून तांडेलास बजावलें कीं पहिले कांहीं दिवस पूर्ण वेगानें हांकूं नये, आणि हा कांटा बंद पडेल त्या दिवशीं नौका बाहेर काढूं नये.

हा इशारा किरकोळ नव्हे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळांत ‘बसरा स्टार’ नांवाचें जहाज मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन आदळलें. माणसें वांचलीं, पण जहाजाचा सांगाडा पुढें कित्येक वर्षें तेथेंच पडून राहिला. दर्याच्या तोंडीं परस्वाधीन झालेल्या तारवाचें काय होतें, हें मिरकरवाड्याच्या मंडळींस दुसऱ्यानें सांगावें लागत नाहीं. त्यांचें इंजिन म्हणजे केवळ कमाईचें साधन नव्हे. घरीं परतण्याची ती हमी आहे.

दुसऱ्या पहांटे ती नौका बाहेर पडली, आणि ज्या तांडेलानें तिला ओढून आणलें होतें त्याच्या घरीं पहिल्या मासळीची पाटी गेली. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस मासळीशीं कर्तव्य नसेल. तरी रत्नागिरीस गेल्यावर भगवतीच्या दर्शनानंतर तासभर खालीं बंदरावर अवश्य उतरावें, आणि मुलांस बरोबर न्यावें. वास येतो, पायाखालीं चिखल असतो. पण तेथें जें शिकावयास मिळतें, त्यास फी पडत नाहीं.